डॉक्टरांची दोनशे वर्षांची पेशंट

मी चोपडी बोलतेय. तळहाताएवढी, दोऱ्यानं शिवलेली. चार पानांची होते, आता तीन उरलीत. जन्म लंडनचा, साल सतराशे शहाण्णव, आणि धंदा उपदेशाचा. तेव्हा मधेच काही शिकवायला लागले तर रागावू नका, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

इंग्रजांची चोपडी मराठीत कशी बोलते, असं तुमच्या मनात आलं असेल. अहो, लंडनजवळच्या इल्फर्डला अरुणाबाईंच्या टेलिफोनवरच्या फळीवर सहा महिने काढले की दगडालाही मराठी येईल. बाई फोनवर पाऊण तासाच्या खाली उतरत नाहीत.

माझा कागद चिंध्यांचा. कुणाचा विरलेला सदरा, कुणाचा परकर, कुणा म्हातारीची उशीची खोळ, सगळं भिजवून, कुजवून, कुटून त्याचा लगदा केला नि त्यातून मी निघाले. म्हणूनच टिकले. हल्लीचा लाकडाचा कागद पन्नास वर्षांत पिवळा पडून मोडतो. छापखान्यात एका पोट सुटलेल्या माणसानं शिंकत शिंकत शिशाचे खिळे जुळवले, वर एक लाकडी ठसा मारला, आणि माझ्यासारख्या दोन हजार जणी एका दिवसात दोरीवर वाळत पडल्या. ठशात एक मुलगी बर्फात उभी राहून दार वाजवते आहे. नाक जरा वाकडं आलंय तिचं.

तिचं नाव बेट्सी. माझी गोष्ट तिचीच. बापाचं न ऐकता ती शहरात जाते, चार वर्षं तिकडं राहते, आणि एका कडाक्याच्या थंडीत परत येऊन दार वाजवते. म्हातारा बाप खुर्चीतून उठतो. इथं तिसरं पान संपतं. चौथ्या पानावर बाप दारापाशी येतो, कडीला हात लावतो, आणि ‘जिनं माझं ऐकलं नाही तिचं मी का ऐकू’ असं म्हणून परत फिरतो. सकाळी दार उघडतात तेव्हा बेट्सी उंबऱ्यावर गेलेली असते. खाली ठळक अक्षरांत तात्पर्य: लेकरांनो, वडिलांची आज्ञा मोडाल तर याद राखा. मला त्या वयात हे फार आवडायचं. आपण किती चांगलं काम करतोय, असं वाटायचं.

त्या काळी इंग्लंडात गरिबांना सुधारायचं खूळ निघालं होतं. श्रीमंत बायका आम्हाला शंभराच्या गठ्ठ्यानं विकत घेत नि खेड्यापाड्यांत वाटत. दारू पिऊ नका, रविवारी चर्च चुकवू नका, धन्याला उलटून बोलू नका. ज्या बाईनं मला वाटलं ती स्वतः दुपारी बारापर्यंत अंथरुणात असे, पण माझ्या बहिणींतली ‘लवकर उठावे’ची चोपडी ती सगळ्यात जास्त वाटे. लोका सांगे ब्रह्मज्ञान. लोकही काही कमी नव्हते. एका हातानं चोपडी घ्यायची, दुसऱ्या हातानं सूपचा वाडगा, आणि सूप संपलं की चोपडीत चीज गुंडाळून घरी न्यायचं. माझ्या कित्येक बहिणी लोण्याच्या डागांनी गेल्या. कुणी मांसाची पोळी भाजायच्या तबकात तळाला गेली, कुणी चिलीम पेटवायला.

मी गेले एका परटिणीच्या घरी. तिला वाचता येत नव्हतं, शेजारीण वाचून दाखवायला बसली. आता मला काय ठाऊक की या बाईची स्वतःचीच मुलगी दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलीय नि तिचा ना पत्ता ना पत्र. शेजारणीनं ठसक्यात शेवटपर्यंत वाचलं. परटीण उठली. तिनं मला हातात घेतलं, शेवटचं पान ओढून काढलं, चुलीत घातलं, आणि मला परत शेजारणीच्या हातात दिलं. ‘आता वाच,’ म्हणाली. शेजारीण बाप खुर्चीतून उठतो तिथपर्यंत आली. ‘बस. इथंच थांब.’

मी इतकी चिडले म्हणून सांगू. माझं तात्पर्यच जाळलं बाईनं. उपदेशाच्या चोपडीतून उपदेश काढला तर राहिलं काय, मीठ काढलेलं लोणचं? पण त्यानंतर ती दर रविवारी मला वाचून घ्यायची आणि त्या शेवटच्या वाक्याला तिचा चेहरा असा काही व्हायचा की माझा राग कुठं टिकायला. तिची मुलगी आली का, ते मला कळलं नाही. त्याआधीच मी एका पेटीच्या तळाला, लोकरी कपड्यांच्या खाली जाऊन पडले.

पुढची दोनशे वर्षं सांगण्यासारखी नाहीत. एका पेटीतून दुसऱ्या पेटीत, एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर. शेवटी दोन हजार पाच सालच्या जूनमध्ये कुणाचा तरी माळा रिकामा झाला नि काळ्या पिशवीतून मी इल्फर्डच्या एका चॅरिटी शॉपमध्ये, लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकतात तिथं, आले. पिशवी उपडी केली, मी घसरून जमिनीवर पडले, आणि एक बूट माझ्यावर पडला.

बूट डॉक्टर पद्माकर टिपणीसांचा. मूळचे मिरजेकडचे, तीस वर्षं इल्फर्डला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून प्रॅक्टिस केली, रिटायर झाल्यावर घरात करमेना म्हणून दर मंगळवारी या दुकानात पुस्तकं लावायला यायचे. पायाखाली कागद आहे हे कळताच ते चटकन बाजूला झाले, वाकले, मला उचललं, आणि मला आधी डोळ्यांना आणि मग कपाळाला लावलं. मला समजेना हे काय चाललंय. दुकान सांभाळणाऱ्या गोऱ्या बाईला वाटलं डॉक्टरांना चक्कर आली, ती खुर्ची घेऊन धावली.

‘आय ॲम फाइन,’ डॉक्टर म्हणाले. ‘पेपरला पाय लागला.’

सांगते तुम्हाला, मला लोकांनी चुलीपाशी टाकलं, चीज गुंडाळलं, माझ्यावर मेणबत्ती ठेवली, पण माझी माफी कुणी मागितली नव्हती. ती बाई मला रद्दीतच टाकायला निघाली होती. डॉक्टर म्हणाले, मी नेतो. मी त्या घरात गेले ती अशी.

घर मोठं, दोन माणसांचं. भिंतीवर डॉक्टरांची एमबीबीएसची डिग्री, खालोखाल इथलं रजिस्ट्रेशन, दोघांच्या लग्नाच्या पत्रिका, डॉक्टरांच्या वडिलांनी सत्तर साली लिहिलेलं आंतरदेशीय, सगळं प्लास्टिकात लॅमिनेट केलेलं. त्याचं कारण असं, की नव्यानं इथं आल्यावर हॉस्पिटलच्या ओलसर क्वार्टर्समध्ये त्यांची मूळ डिग्री कसरीनं खाल्ली होती, नवी मागवायला आठ महिने लागले. तेव्हापासून या घरात जे जपायचं ते प्लास्टिकात जातं. मी हे सगळं पाहिलं, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही.

एक फोटोची चौकट मात्र जिन्याखाली उलटी करून ठेवली होती. ती देवयानीची, त्यांच्या एकुलत्या एक मुलीची. ती मेडिकलला होती. तिसरं वर्ष संपलं नि तिनं सांगितलं, मला डॉक्टर व्हायचं नाही, मी जुने कागद दुरुस्त करायला शिकणार आहे, कॉन्झर्व्हेटर होणार. डॉक्टरांनी ब्रेकफास्टच्या टेबलावर टोस्ट खाली ठेवला. ‘तीन वर्षं शिकून आता चिकटवाचिकटवी करणार?’ ती म्हणाली, ‘तुम्ही माणसं दुरुस्त करता, बाबा. मी कागद करीन.’ आणि डॉक्टर जे बोलू नये ते बोलले. ‘मग त्या कागदांच्याच घरी राहा.’

ती गेली. चार वर्षं झाली त्याला. लंडनमध्येच राहते, पाऊण तासाच्या अंतरावर, एका जुन्या दप्तरखान्यात काम करते, पण बापलेकीत एक शब्द नाही. डॉक्टरांना ते वाक्य मागं घ्यायचं होतं, हे त्यांच्या बायकोला, अरुणाबाईंना, ठाऊक होतं, मला तर दोन दिवसांत कळलं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. अरुणाबाई गुरुवारी संध्याकाळी मुलीला फोन करायच्या, आणि डॉक्टर बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसायचे. टीव्हीचा आवाज मात्र फोन लागला की हळूच कमी व्हायचा. काय गंमत आहे बघा. मनातून ऐकायचं असतं, पण उठून चार पावलं जायचं नसतं.

एका दुपारी डॉक्टरांनी मला वाचायला घेतलं. चष्मा कपाळावर, मी नाकाजवळ. पहिली दोन पानं त्यांनी मान डोलावत वाचली, बापाच्या बाजूनं. माझी छाती फुगली, म्हटलं आला एक दर्दी. तिसऱ्या पानावर त्यांचा वेग कमी झाला. बाप खुर्चीतून उठला आणि पान संपलं. त्यांनी मला उलटी केली, झटकली, टेबलाखाली पाहिलं.

‘अगं, याचं शेवटचं पान कुठंय?’

‘मी नाही घेतलं,’ अरुणाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. ‘काय आहे त्यात?’

डॉक्टरांनी गोष्ट सांगितली. बाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या नि शेवटपर्यंत ऐकलं.

‘मग? पुढं काय होतं?’

‘तेच तर नाही ना.’

‘तुम्हीच सांगा मग,’ बाई म्हणाल्या. ‘बाप तर तुमच्याच वळणाचा दिसतोय.’

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या टेबलावर आले. येताजाता ते माझ्या ठशातल्या मुलीकडं बघत. आणि माणसाचा जीव एखाद्या वस्तूत अडकला की तो तिला सुखानं राहू देत नाही, हे मला इतक्या वर्षांनी समजलं. सप्टेंबरमध्ये एक दिवस त्यांनी ठरवलं, हिला जपायला हवं.

जपायला हवं म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्यांनी जुन्या बॅगेतून ब्लेड काढलं आणि टाके काढावेत तसा माझ्या पाठीचा दोरा अलगद कापला. दोनशे नऊ वर्षांचा दोरा तो. तीन पानं सुटी झाली. मग आम्ही गेलो हरीशच्या दुकानात. फोटोकॉपी, पासपोर्ट फोटो, इंडियाची फोन कार्डं आणि लॅमिनेशन.

‘कडा जरा वाकड्या आहेत, डॉक्टरसाहेब. सरळ करून देतो,’ हरीश म्हणाला, आणि माझ्या तिन्ही पानांची एकेक पट्टी कापून केराच्या टोपलीत गेली. मग गरम रूळ. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. डिंक वितळून माझ्या अंगात मुरला. वर हरीश म्हणतो, ‘आता शंभर वर्षं चिंता नाही.’ अरे बाबा, दोनशे तर मी तुझ्याशिवाय काढली होती.

कागद श्वास घेतो, यावर तुमचा विश्वास नसेल तर नसो. मी मात्र त्या दिवसापासून गुदमरले. डॉक्टर मला दहादा फिरवून बघत होते, इतके खूश की मला त्यांच्यावर धड चिडताही येईना. दसऱ्याला त्यांनी मला सरस्वतीच्या पाटीसमोर डिक्शनरी आणि स्टेथोस्कोपशेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. हळदकुंकू प्लास्टिकवरून पुसता आलं, एवढा एकच त्या प्लास्टिकचा उपयोग झाला.

दसऱ्याच्या फोनवर अरुणाबाई मुलीला कौतुकानं म्हणाल्या, ‘अगं, बाबांनी तुझ्या लाइनीतलं काहीतरी केलंय. दोनशे वर्षांची एक चोपडी मिळाली होती, छान लॅमिनेट करून आणली.’

बाई फोनचा स्पीकर लावूनच बोलायच्या, त्यामुळं पलीकडचंही आम्हाला ऐकू आलं.

‘आई,’ देवयानी म्हणाली, ‘ते ग्लू हळूहळू पिवळा होतो आणि फायबर्स खातो. थोड्या वर्षांनी काढायला गेलं तर कागद पण येईल सोबत. प्लीज, त्यांना सांग की मी काढून देईन. मला पाठव फक्त.’

टीव्हीचा आवाज कमीच होता. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. बाईंनी फोन ठेवल्यावर म्हणाले, ‘तिला काय कळतंय. डिग्रीला काही झालंय का माझ्या?’ आणि मला ड्रॉवरमध्ये टाकलं. तिथं आणखी तीन महिने गेले.

जानेवारीत कशाला तरी ड्रॉवर उघडला नि त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. त्यांनी मला खिडकीशी नेलं, पेशंटचे कान तपासायचं यंत्र काढलं, त्याच्या भिंगातून माझ्याकडं पाहिलं. ठशातल्या मुलीच्या चेहऱ्यावर बुडबुडे आले होते. दाराच्या बाजूला प्लास्टिक सुटून कागदाचा पापुद्रा वर आला होता. ते खुर्चीत बसले.

‘अरुणा,’ म्हणाले, ‘माझ्या औषधानंच बिघडली गं ही.’

‘मग आता?’

‘आता काय. तीस वर्षं ज्युनियर्सना सांगत आलो. आपल्या हातून चूक झाली तर लपवायची नाही, ज्याला जास्त कळतं त्याच्याकडं पेशंट पाठवायचा.’

‘कुणाकडं पाठवणार?’ बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण त्या चेहरा अगदी कोरा ठेवून उभ्या होत्या.

‘रेफरल लेटर लिहावं लागेल,’ डॉक्टर म्हणाले.

अरुणाबाई पंचवीस वर्षं डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात, रिसेप्शनवर होत्या. डॉक्टर फेऱ्या मारत पत्र सांगायचे, बाई टाइप करायच्या. आत्ताही तसंच झालं. बाई कॉम्प्युटरपाशी बसल्या, डॉक्टर पाठीमागं हात बांधून चालायला लागले. मी टेबलावर, तीन प्लास्टिकात. माझा प्राण कंठाशी आला होता, कारण एक तर मी वाचणार की नाही ते या पत्रावर होतं, आणि दुसरं म्हणजे या घरात मुलगी परत येणार की नाही, तेही.

‘डिअर,’ म्हणाले आणि थांबले.

‘डिअर काय लिहू? देवयानी लिहू?’

डॉक्टर खिडकीपर्यंत जाऊन आले.

‘डिअर कलीग लिही.’

बाईंचे हात थांबले. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मग टाइप केलं. पुढचं पत्र मला पाठ आहे.

‘या दोनशे दहा वर्षांच्या बाईंना आपल्याकडे पाठवत आहे. तक्रार: दोन्ही बाजूंनी प्लास्टिक, श्वासाला त्रास. पूर्वी तब्येत उत्तम. शेवटचं पान फार पूर्वी काढलेलं आहे, त्याची नोंद उपलब्ध नाही. चार महिन्यांपूर्वी एका रिटायर्ड डॉक्टरनं, कुणाला न विचारता, स्वतःच्या अकलेनं उपचार केले. त्या वेळी योग्य सल्ला मिळाला होता, तो त्यानं मानला नाही. ॲलर्जी: माहीत नाही. सोशल हिस्टरी: इल्फर्डला एका वयस्कर दांपत्याकडे राहतात. घरात आणखी कोणी नाही. या विषयातलं आपलं ज्ञान माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. आपलं मत कळवावं, ही विनंती. आपला, पी. टिपणीस.’

‘घरात आणखी कोणी नाही, हे कशाला?’ बाईंनी विचारलं.

‘लिहायचं असतं ते,’ डॉक्टर म्हणाले. ‘सोशल हिस्टरीत.’

आठ दिवसांनी अपॉइंटमेंट आली. खरंखुरं छापलेलं पत्र: गुरुवार, दुपारी अडीच, पेशंटसोबत एका नातेवाइकाला येता येईल. डॉक्टरांनी मला एक्स-रेच्या जुन्या मोठ्या पाकिटात घातलं, टाय लावला, दोनदा बदलला, आणि ट्रेनमध्ये सगळा वेळ मला मांडीवर सपाट धरून बसले.

दप्तरखान्यात तळमजल्यावर एक लांब कॉरिडॉर होता नि भिंतीला लागून दोन खुर्च्या. डॉक्टर तिथं बसले. आयुष्यभर त्यांनी नातेवाइकांना अशा खुर्च्यांवर बसवलं, आज स्वतः बसले होते. पांढरा कोट घातलेली एक उंच मुलगी बाहेर आली. कोट घातलाच होता अखेर, फक्त कागदांसाठी.

‘या बाबा,’ देवयानी म्हणाली.

तिनं मला टेबलावर दिव्याखाली ठेवलं. बोट कुठं लावायचं, कुठं नाही, हे त्या हातांना पक्कं कळत होतं. डॉक्टर तिच्या हातांकडंच बघत होते. तिनं सांगितलं, ‘प्लास्टिक निघेल, बाबा. सॉल्व्हंटनं, थोडा थोडा करून, तीन आठवडे लागतील. रिस्क आहे. पण इंक चांगली आहे, कागद खूप स्ट्राँग आहे.’ मग ती माझं नाव वाचून हसली. ‘बाबा, आज्ञा मोडणारी मुलगी? हे मुद्दाम आणलंत?’

‘नाही गं. पायाखाली आली म्हणून उचलली.’

तिनं उभ्या उभ्या मला वाचलं. तिसरं पान संपलं.

‘मग तो दार उघडतो का?’

‘उघडत असणार,’ डॉक्टर म्हणाले. ‘बाप आहे.’

आता बोला. उभ्या जगात खरं उत्तर माहीत असलेली मी एकटी. लोकांना खरं सांगायचं म्हणून तर जन्म झाला माझा. पण मी प्लास्टिकात मूग गिळून गप्प पडून राहिले, आणि त्या परटिणीचे मनातल्या मनात पाय धरले.

निघताना डॉक्टर दारात घुटमळले. ‘दोन वर्षांपूर्वी माझं बायपास झालं,’ जमिनीकडं बघत म्हणाले, ‘तेव्हा तू हॉस्पिटलात आली होतीस. दुपारी. माझा हात धरून बसली होतीस. डोळे मिटले होते, पण मी जागा होतो.’

‘माहितीये मला.’

‘कसं काय?’

‘तुमची पल्स धरली होती मी. एकदम एकशेदहावर गेली.’ तिनं त्यांच्या मनगटाकडं बोट दाखवलं. ‘तीन वर्षं शिकले होते ना, बाबा.’

 डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तो तसाच खिशात घातला नि चालायला लागले. माणसं अशीच असतात. चार वर्षांचं बोलणं साठलेलं असतं नि ऐन वेळी ट्रेन चुकेल म्हणून निघतात.

मी तीन आठवडे तिच्या टेबलावर होते. बोळा भिजवायचा, चिमट्यानं प्लास्टिकचा कोपरा उचलायचा, थांबायचं, परत भिजवायचं. ती काम करताना माझ्याशी बोलायची, आपल्या मोडक्या मराठीत, ‘हां, आलं, आलं, अजून थोडी.’ शेवटचा पापुद्रा निघाला त्या दिवशी मला पहिल्यांदा हवा लागली. तिनं मला पाण्यातून काढलं, वाळवलं, फाटलेल्या जागी पातळ कागद लावला, नव्या दोऱ्यानं शिवलं. कापलेल्या कडा काही परत आल्या नाहीत. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मी इल्फर्डला परत आले, कुरिअरनं, करड्या खोक्यात, सोबत एक पत्र. डॉक्टरांनी ते स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचलं.

‘डिअर डॉ. टिपणीस, या अतिशय गोड वृद्ध बाईंना माझ्याकडे पाठवल्याबद्दल आभार. उपचार पूर्ण झाले, पेशंट मोकळा श्वास घेत आहे. शेवटचं पान नाही, पण त्यावाचून काही अडत नाही. सोबत आलेले नातेवाईक फार काळजीत होते.’ इथं डॉक्टरांनी पत्र उजेडाकडं धरलं.  ‘त्यांनी जे केलं ते जपण्यासाठीच केलं होतं, हे मला समजलं आहे. त्यांना दोष नाही. यापुढे प्लास्टिक नको. ऊन नको. दाबून ठेवू नये. फॉलो-अप: होम व्हिजिट, येत्या रविवारी दुपारी साडेबाराला, मी स्वतः येईन.’

पत्र वाचून झालं. कुकरची शिट्टी झाली. अरुणाबाईंनी गॅस बंद केला.

‘होम व्हिजिट कुणासाठी?’ त्यांनी विचारलं. ‘हिच्यासाठी की तुमच्यासाठी?’

‘तिला भरली वांगी आवडतात का अजून?’ डॉक्टर म्हणाले, आणि बाजारात जायला पिशवी शोधू लागले.

तर अशी माझी हकिकत. आता मी करड्या खोक्यात असते, टेलिफोनच्या वर, उन्हापासून लांब. मला वाचायचं असेल तर जरूर या, फक्त हात धुऊन या नि पान उलटायला बोट जिभेला लावू नका. उपदेश सोडायचा म्हटलं तरी एक राहिलाच. घरच्या माणसाला काही वाकडं बोलून गेला असाल, तर माझ्यासारखी एखादी चोपडी पायाखाली यायची वाट बघत बसू नका. दर वेळी यायची नाही ती.

त्या रविवारी साडेबाराला बेल वाजली. डॉक्टर सव्वाबारापासून दारामागंच उभे होते. जेवायच्या टेबलावर मधोमध स्वच्छ रुमाल घालून मला ठेवलं होतं, पेशंट म्हणून. देवयानी आली, बसली, तिघं जेवली, डॉक्टरांनी तिला आग्रह करकरून तिसरं वांगं वाढलं, चहा झाला, परत चहा झाला, आणि संध्याकाळचे सहा वाजले. तपासायला आलेल्या डॉक्टरणीनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. माझ्यावर कुणाची तरी मिठाची वाटी सुद्धा येऊन बसली. मी आपली तिथं पडून त्यांचं बोलणं ऐकत होते, आणि दोनशे वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.